काळा घोडा : घोडा परत आला, स्वार कुठे आहे?

१/
मुंबईच्या फोर्ट भागात उभे राहून ‘काळा घोडा कुठे?’ असे विचारले, तर कोणीही हात करून वाट दाखवील. तिथे आज एक भव्य काळा घोडा उभा आहे. तो २०१७ सालचा आहे आणि त्याच्या पाठीवर कोणीही नाही. ज्या पुतळ्यामुळे या परिसराला नाव पडले, तो १९६५ सालीच तिथून हलवला गेला. त्या पुतळ्यात घोड्यावर एक स्वार होता. तो कोण, त्याला तिथे कोणी बसवले आणि तो तिथून का गेला, याविषयीचा हा धागा.

२/
सुरुवात समुद्रावरून करावी लागते. ८ नोव्हेंबर १८७५ रोजी ‘सेरापिस’ ही आगबोट मुंबई बंदरात आली. तिच्यावर इंग्लंडचा युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड होता. राणी व्हिक्टोरियाचा हा थोरला मुलगा पुढे १९०१ साली सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. स्वागताला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक मुंबईत आले होते. दुसऱ्याच दिवशी युवराजाचा चौतिसावा वाढदिवस होता, आणि तो मुंबईतच साजरा झाला.

३/
या दौऱ्यामागे राजकारण होते. १८५७ च्या उठावानंतर कंपनी सरकार जाऊन १८५८ मध्ये कारभार थेट ब्रिटिश राजसत्तेकडे आला होता. मात्र ही राजसत्ता हिंदी प्रजेने कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. राणी हजारो मैल दूर. तेव्हा तिचा वारस प्रजेपुढे मिरवणे ही एक राजकीय गरजच होती. पुढच्याच वर्षी कायदा होऊन राणीला हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा किताब मिळाला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात तो जाहीर झाला. युवराजाची मुंबईतली मिरवणूक ही त्याची नांदी होती.

४/
या नाट्याचा पहिला अंक मुंबईत का? कारण सुएझ कालवा. १८६९ साली तो खुला झाला आणि युरोपातून येणाऱ्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही. मुंबई हे हिंदुस्थानचे पुढचे दार बनले. याच मुक्कामात युवराजाच्या हस्ते एका नव्या गोदीची कोनशिला बसवण्यात आली. ‘प्रिन्सेस डॉक’ या नावाने ती गोदी १८८० मध्ये सुरू झाली. युवराजाच्या नावाची गोदी आणि युवराजाचा पुतळा ही एकाच भेटीची दोन अपत्ये आहेत.

५/
शहरही कात टाकत होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये तो फुगा फुटला. पण त्याआधीच गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याचे तट पाडायला सुरुवात झाली होती. तट गेले, जागा मोकळी झाली. तिथे रुंद रस्ते आले, दिमाखदार इमारती आल्या आणि पुतळ्यांसाठी चौक निर्माण झाले. त्यांपैकीच एक चौक आपल्या घोड्याला मिळाला.

६/
या पुतळ्यासाठी सरकारी तिजोरी उघडली गेली नाही. तो शहराला भेट दिला सर आल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी. आल्बर्ट यांचा जन्म १८१८ चा, बगदादचा. तिथल्या छळाला कंटाळून त्यांचे वडील डेव्हिड ससून बाहेर पडले आणि १८३० च्या दशकात मुंबईत स्थायिक झाले. हे बगदादी ज्यू घराणे पाहता पाहता आशियातील बलाढ्य व्यापारी घराण्यांपैकी एक बनले. कुलाब्याचे ससून डॉक, पुण्याचे ससून रुग्णालय, काळ्या घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय ही सारी नावे या एकाच घराण्याची.

७/
हा पैसा आला कुठून? कापूस होता, सूत होते, जमीनजुमला होता. आणि अफू होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि या व्यापारात ससून घराण्याचा मोठा हात होता. हे एकट्या ससूनांचे वैशिष्ट्य नव्हते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईची अनेक दानशूर घराणी याच व्यापारात उभी राहिली. दवाखाने, शाळा, ग्रंथालये, पुतळे यांच्या पायाशी अफूचा पैसा आहे, हे मुंबईचा इतिहास वाचताना नजरेआड करता येत नाही. त्या दानधर्माने हजारोंचे भले झाले, हेही तितकेच खरे.

८/
मग बगदादच्या ज्यू व्यापाऱ्याने इंग्रज युवराजाचा पुतळा का उभारावा? ज्या घराण्याला जन्मभूमी सोडावी लागली, त्याच्या लेखी राजाश्रयाचे मोल काय असेल, याची कल्पना करून पाहा. १८५३ मध्ये डेव्हिड ससून ब्रिटिश प्रजाजन झाले. १८७२ मध्ये आल्बर्ट ‘सर’ झाले. १८७३ मध्ये त्यांना लंडन शहराचे सन्माननीय नागरिकत्व मिळाले. पुढे ते इंग्लंडमध्येच स्थायिक झाले, युवराजाच्या वर्तुळात वावरू लागले आणि १८९० मध्ये बॅरोनेट झाले. पुतळ्याची भेट ही या वाटचालीतली एक पायरी होती. तीत कृतज्ञता होती आणि हिशेबही होता.

९/
शिल्पकार होते जोसेफ एडगर बोहम. जन्म १८३४, व्हिएन्ना. तेही परदेशातून लंडनला आलेले. राजघराण्याचे ते लाडके शिल्पकार बनले. १८८७ च्या नाण्यांवरील राणीची मुद्रा त्यांनीच घडवली. घोडे घडवण्यात त्यांचा हातखंडा होता. लंडनच्या हाइड पार्क कोपऱ्यावरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा अश्वारूढ पुतळाही त्यांचाच. असा हा योग : बगदादच्या माणसाने पैसे दिले, व्हिएन्नाच्या माणसाने पुतळा घडवला, स्वार लंडनचा आणि चौक मुंबईचा. साम्राज्याचा नकाशाच जणू एका चौथऱ्यावर मांडला गेला.

१०/
अश्वारूढ पुतळा हे शिल्पकारापुढचे अवघड काम असते. घोडा आणि स्वार यांचे सारे वजन बारीक पायांवर पेलायचे असते. म्हणून ब्राँझचा पुतळा आतून पोकळ ओततात, तो वेगवेगळ्या भागांत ओतून जोडतात आणि त्याच्या आत लोखंडी आधार ठेवतात. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. नवा असताना त्यावर तपकिरी-सोनेरी झाक असते. उघड्यावर हवा, पाऊस आणि धूर यांनी त्याचा रंग गडद होत जातो. काळा घोडा काळ्या दगडाचा होता असे पुष्कळदा सांगितले जाते. तो दगडाचा नव्हता, ब्राँझचा होता.

११/
आता तारखेकडे लक्ष द्या. पुतळ्याचे अनावरण जून १८७९ मध्ये झाले, गव्हर्नर सर रिचर्ड टेम्पल यांच्या हस्ते. युवराजाची भेट १८७५ ची आणि पुतळा १८७९ चा. मधल्या चार वर्षांत काय घडले होते? १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ. दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाखा त्याने होरपळून निघाला. सगळे मिळून ५० लाखांहून अधिक माणसे दगावली. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, नगर आणि पुणे या भागांना त्याची मोठी झळ बसली.

१२/
आणि टेम्पल कोण? या दुष्काळात व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांनाच पाहणीसाठी पाठवले होते. सरकारी खर्चाला कात्री लावणे हा त्या कामगिरीचा गाभा होता. दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला १ रतल धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर अल्पशी रोकड, एवढी मजुरी त्यांनी पुरेशी ठरवली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसासाठी ही मजुरी! इतिहासात ती ‘टेम्पल वेतन’ म्हणूनच ओळखली जाते. मुंबई इलाख्यात मजुरांनी तिच्याविरुद्ध काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

१३/
त्याच १८७९ सालात आणखी काही घडत होते. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केलेला शिरढोणचा एक तरुण रामोशी साथीदारांना घेऊन बंडाला उभा राहिला होता. वासुदेव बळवंत फडके. दुष्काळात रयतेची झालेली दैना हे त्यांच्या बंडाचे एक मोठे कारण होते. फेब्रुवारीत त्यांनी पहिला दरोडा घातला आणि जुलैमध्ये ते पकडले गेले. म्हणजे मुंबईत घोड्यावरच्या युवराजावरचा पडदा बाजूला होत होता, तेव्हा घाटावर इंग्रजांच्या तुकड्या फडक्यांचा माग काढत फिरत होत्या. या दोन गोष्टी आपण सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. त्या एकाच उन्हाळ्यातल्या आहेत.

१४/
एवढ्या सायासाने उभारलेल्या या पुतळ्याला मुंबईकरांनी नाव काय दिले? ‘काळा घोडा’. युवराज नाही, एडवर्ड नाही, ससून नाही, बोहम नाही. राज्यकर्त्यांना जो स्वार दाखवायचा होता, तो नावातून गळून पडला आणि त्याचे वाहन तेवढे उरले.

१५/
यात बंडखोरी शोधण्याची घाई करू नये. चौथऱ्यावरची इंग्रजी अक्षरे बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हती. गाडीवान, हमाल, फेरीवाले यांना पत्ता सांगण्यासाठी खूण हवी होती. जे सर्वांना दिसते, समजते, तेच खूण बनते. भायखळ्याला शेठ कर्सेटजी माणेकजी यांच्या स्मरणार्थ उभारलेला पुतळा असाच ‘खडा पारसी’ झाला, आणि व्हिक्टोरिया गार्डन्सची ‘राणीची बाग’ झाली. लोक आपल्या सोयीने नावे ठेवतात. ती टिकतात, कारण ती रोज वापरली जातात.

१६/
कधी लोक पुतळ्याचा अर्थच बदलून टाकत. आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी तेव्हा ‘बॉम्बे ग्रीन’ हे मैदान होते. तिथे लॉर्ड कॉर्नवॉलिस यांचे स्मारक होते. लोक त्याला ‘छोटे देऊळ’ म्हणू लागले, तिथे हारफुले वाहू लागले. साहेबाला आदर हवा होता. पण असा नव्हे! पुतळा उभारणाऱ्याच्या मनातला अर्थ पाहणाऱ्याच्या मनात जसाच्या तसा उतरेल याची हमी कोणतीही सत्ता देऊ शकत नाही, याचे हे गमतीदार उदाहरण.

१७/
काहींना मात्र अर्थ नेमका कळला होता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा भेट दिला होता. मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला हा पुतळा १८७२ पासून शहरात होता. १८९६ मध्ये एका रात्री कोणीतरी त्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पोलिसांना काही केल्या माग लागेना. पुढच्या वर्षी २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. दामोदर चापेकर पकडले गेले, आणि ते डांबरही आपणच फासले होते असे त्यांनी आपल्या जबानीत सांगितले. पुतळ्याशी असे थेट भांडणारी माणसे पुतळ्याला गंभीरपणे घेत होती.

१८/
१९४७ आले आणि गेले. पुतळे तिथेच राहिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. २६ जानेवारी १९६१ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी नुकतेच प्राण दिले होते. अशा शहरात परक्या राजांचे पुतळे मानाच्या जागी का असावेत, हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविकच होते. आंदोलने झाली, पुतळ्यांची विटंबना झाली आणि १९६५ मध्ये काळा घोडा आपल्या स्वारासह चौकातून उचलला गेला.

१९/
तो वितळवला गेला नाही, फोडला गेला नाही. त्याची रवानगी भायखळ्याला, राणीच्या बागेत झाली, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात. तिथला योगायोग पाहण्यासारखा आहे. बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याचे नाव ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ होते. त्याच्या आत युवराजाचे वडील प्रिन्स आल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा आहे, आणि तो दिला होता आल्बर्ट ससून यांच्या वडिलांनी, डेव्हिड ससून यांनी. डांबर लागलेली राणीही पुढे याच आवारात आली. आई, बाप आणि लेक, सारे कुटुंब निवृत्तीनंतर एका ठिकाणी!

२०/
त्यांना शेजारीही तसाच लाभला. याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो उचलताना पडून फुटला. मग तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे केले गेले. बेटाला नाव देऊन हत्ती बेट सोडून गेला. चौकाला नाव देऊन घोडा चौक सोडून गेला. दोघांची नावे जागच्या जागी राहिली.

२१/
चौकात मग काय उरले? मोटारी उभ्या करण्याची जागा. कित्येक वर्षे काळा घोडा म्हणजे एक वाहनतळ होता. अरुण कोलटकरांच्या २००४ मधील इंग्रजी संग्रहाच्या नावात हाच ‘काळा घोडा’ आहे, आणि त्यात घोडा नसलेला चौक आहे. १९९८ मध्ये परिसराच्या जतनासाठी काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ पासून कलामहोत्सव सुरू झाला. आज हजारो तरुण दरवर्षी तिथे जातात. मूळ घोडा हलला तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता.

२२/
जानेवारी २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला. वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांची कल्पना, शिल्पकार श्रीहरी भोसले यांचे काम. उंची सुमारे २५ फूट. ना खोगीर, ना लगाम, ना स्वार. शहराने अखेर आपणच दिलेल्या नावाचा पुतळा उभारला. पूर्वी पुतळ्यावरून नाव पडले होते. आता नावावरून पुतळा घडला. जगात असे क्वचित होते.

२३/
इथे दुसऱ्या एका बंदराची आठवण काढू. इंग्लंडमधील ब्रिस्टल. तिथे १८९५ पासून एडवर्ड कोल्स्टन या दानशूर व्यापाऱ्याचा पुतळा उभा होता. त्याची संपत्ती गुलामांच्या व्यापाराशी जोडलेली होती. ७ जून २०२० रोजी आंदोलकांनी तो पाडला, ओढत नेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. पुढे पाण्याबाहेर काढून तो तिथल्या एम शेड संग्रहालयात ठेवला गेला : आडवा, अंगावर आंदोलकांनी फासलेल्या रंगासकट. त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्याला उभारणीही कळते आणि पाडणीही.

२४/
मुंबईने केले ते अनेक अंगांनी शहाणपणाचे होते. परक्या सत्तेचे चिन्ह चौकातून गेले, कलाकृती वाचली, नाव टिकले. पण या गोड शेवटात एक गोष्ट हातातून निसटते. स्वार नसलेला घोडा कोणालाच टोचत नाही. त्याच्याकडे पाहून युवराजाचा दौरा आठवत नाही, माळव्याची अफू आठवत नाही, १ रतल धान्यावर खडी फोडणारा मजूर आठवत नाही, आणि त्या सालचे फडक्यांचे बंडही आठवत नाही. पुतळा हलवल्याने साम्राज्य चौकातून जाते. ते कसे चालत होते, हे समजून घेण्याचे काम मात्र आपल्यावरच राहते.

२५/
म्हणून पुढच्या वेळी काळा घोड्याला गेलात तर थोडे अधिक चाला. नव्या घोड्यापासून ससून ग्रंथालयापर्यंत जा. तिथून जेकब ससून यांनी १८८४ मध्ये बांधलेले केनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग पाहा. मग भायखळ्याला जाऊन राणीच्या बागेतला मूळ पुतळा शोधा. चौथऱ्याभोवती एक फेरी मारा आणि स्वाराचा चेहरा नीट पाहा. दीडशे वर्षे मुंबईने ज्याचे नावही घेतले नाही, तो हा माणूस. त्याला पुन्हा चौकात नेण्याची गरज नाही. त्याची ओळख मात्र आपल्याला असायला हवी.

धागा समाप्त. आपल्या गावात असा एखादा पुतळा, चौथरा किंवा लोकांनी ठेवलेले नाव असेल, तर त्याची हकिकत खाली जरूर लिहा.